पेवावरची खोली

१

बाळंतिणीच्या खोलीत वारं शिरता कामा नये, हा आमच्या आत्यांचा कायदा. सासूला मी आत्या म्हणते. नाव अंबूबाई. जत तालुक्यातल्या धनगराच्या घरातल्या, उभा जन्म मेंढरांमागं गेलेला. स्वतःची पोरं त्यांनी माळावर पाल टाकून जन्माला घातली, आडोसा म्हणाल तर एक घोंगडं. त्याचं उट्टं काढायचं असावं, कारण माझ्या खोलीला त्यांनी असं बंद केलं होतं की मुंगीनंसुद्धा विचारून आत यावं.

खिडकीला गोधडी. दाराच्या फटीला चिंध्या. सकाळी मालिश, मग कढत पाणी, मग बाजेवर पडायचं, आणि बाजेखाली शेगडी. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग. बाहेर वैशाखातली सांगली तापलेली आणि आत मी वांग्यासारखी भाजून निघत होते. मी बी.कॉम. झालेली, मोबाईलवर सगळं वाचून बसलेली. एकदा सांगून बघितलं, "आत्या, डॉक्टर शेगडी नको म्हणालेत."

"डाक्टर बाळातीन झाला व्हता काय कवा?"

संपला विषय.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण माझ्या माहेरी आई नाही. पाटणच्या वरच्या डोंगरात आमचं गाव. तिथं आता नुसते अण्णा. आई मी शाळेत असताना गेली, गवत कापायला गेलेली कड्यावरून घसरली. लग्न ठरलं तेव्हाच आत्या म्हणाल्या होत्या, "आय न्हाई म्हून काय झालं? मी हाय की." तोंडानं बाई फाटकी, पण हा शब्द त्यांनी खरा केला. लेकीसाठी झोपल्या नसत्या तेवढ्या माझ्यासाठी जमिनीवर जेन, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण टाकून, बाजेला टेकून झोपायच्या.

माझा नवरा धनाजी कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर कामाला. त्यानं हे घर घेतलं होतं हरिपूर रस्त्याच्या आत, जुन्या पेवांच्या रानात. पेव म्हणजे हळद साठवायचा खड्डा. माणूस उभा उतरेल एवढा खोल, आत पोट फुगलेलं आणि तोंड अरुंद. महापुराचं पाणी शिरलं तेव्हापासून ती पेवं मोडीतच निघाली. मग कुणी मुरूम टाकला, कुणी फरशी झाकली, वर प्लॉट पडले आणि घरं उठली. आपण घर बघताना पत्रा बघतो, नळ बघतो. खाली काय आहे ते कोण विचारतं?

दवाखान्यातून घरी आलेल्या दिवशी आत्यांनी पहिल्यांदा शेगडी सरकवली. निखारे फुलले. ओव्याचा वास आला, शेपाचा आला. आणि त्यांच्या मागून तिसरा एक वास आला, जो तिथं यायला नको होता.

२

ओल्या गवताचा वास होता तो. नुकतंच विळ्यानं कापून, भारा बांधून डोक्यावरनं आणलेल्या गवताचा.

ज्याला तो माहीत नाही त्याला काय सांगू? आमच्याकडं दसऱ्याच्या सुमाराला सगळा डोंगर त्या वासानं भरतो. आई भारा घेऊन यायची तेव्हा दोन्ही हात वर असायचे, म्हणून दार कोपरानं ढकलायची. दाराला कडी घातलेली तिला खपायची नाही. "घरात माणूस असताना कडी कशाला गं? कोंडून मरायचंय?" म्हणायची. तिच्या बोटांची टोकं गवताच्या रसानं कायम काळपट हिरवी. त्याच हातानं मला भरवायची.

मी डोळे मिटले. पोरगी कुशीत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला आई जवळ असल्यासारखं वाटलं, आणि मी आपली गप पडून रडले.

"आत्या, गवताचा वास येतोय का हो?"

"कसलं गवात? वैशाखात? शेपाचा आसंल." आत्यांच्या नाकावर भरवसा नव्हताच. दिवसातून दहादा तव्यावर मिशेरी भाजून दाताला लावायच्या, त्यांच्या लुगड्यालासुद्धा तोच करपट वास. जगातले बाकीचे वास त्यांनी कधीच सोडून दिले होते.

संध्याकाळी शेजारच्या मदिनाचाची माझ्या पोरीला बघायला आल्या. सोबत त्यांची लेक अर्फा, तीन-चार महिन्यांची पोटुशी. टँकरचं मला चाचींनीच सांगितलं. आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर दुपारचे टँकर यायचे. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणायचा, धुळीवर मारायचं पाणी आहे. मी दवाखान्यात होते तेव्हा एका टँकरचा पाईप निसटला आणि सगळं आमच्या मागच्या भिंतीशी सांडलं.

"लय सांडलं गं. आमी घाबरलो. पन बघता बघता सुकलं की! जमीन बी वली दिसंना. वास तेवडा येत हुता, गोड-गोड, फळं पिकल्यागत."

सुकलं म्हटल्यावर सगळ्यांनी सुस्कारा टाकला होता. धनाजी घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, अहो, घरात गोडसर वास येतोय ना? त्यानं नाक ओढलं आणि ओशाळं हसला. "आमच्या वर्कशॉपला पार्ट धुवायची टाकी आहे, तिच्यातल्या केमिकलचा वास हा. माझ्या कपड्यांना येत असणार." त्या दिवसापासून बिचारा बाहेर नळावर आंघोळ करून, कपडे बाहेरच टांगून घरात यायला लागला. वास तरीही आत येतच होता.

३

पाचवीची पूजा आत्यांनी दिवस मावळताना मांडली. खोलीच्या कोपऱ्यात फरशीवर पाटा-वरवंटा, हळद-कुंकू, आणि समोर पितळेचं निरांजन. त्या रात्री सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर लिहून जाते म्हणतात. म्हणून दिवा लावायचा, तिला दिसावं म्हणून.

आत्यांनी वरवंटा ठेवला तेव्हा फरशी वाजली. भरीव नाही. रांजणावर हात मारावा तशी.

"खाली पेव हाय तुमच्या," अर्फाला घेऊन दारात आलेल्या मदिनाचाची म्हणाल्या. त्यांचा मालक पेवात उतरून हळद काढायचं काम करायचा, त्यांना तो आवाज ओळखीचा होता. "आमच्या बी हाय. सगळ्यांच्याच हाय."

मी पोरीला घेऊन बाजेवर बसले होते. निरांजनाची ज्योत सरळ होती. मग ती थोडी लांबली. आणि तिची कड हिरवी झाली.

मला वाटलं, डोळ्यांपुढं अंधारी आली. रक्त गेलेलं, झोप नाही. डोळे चोळून परत बघितलं. वात पिवळी, पण पितळेच्या काठाशी ज्योतीला हिरवी किनार, कोवळ्या पोपटी पानासारखी. वारं नव्हतं तरी ती किनार हळूहळू वर चढत होती.

"आत्या, दिवा बघा."

आत्यांनी बघितलं आणि लगेच हात जोडले. "आली गं माय. लिव आता चांगलं."

मदिनाचाचींनी मात्र पुढं येऊन निरखून बघितलं. "आमच्यात पेवात उतरायच्या आदी कंदील सोडायचे. इझला तर आतलं वारं मेलेलं, उतरायचं न्हाई. तेवत ऱ्हायला तर बिनघोर उतरायचं." मग मान हलवून म्हणाल्या, "ह्यो तेवतोय न्हवं? मग चांगलं हाय. हवा चांगली हाय."

सगळ्यांना बरं वाटलं. मलाही. अर्फानं पोरीच्या तळहातावर बोट ठेवलं आणि पोरीनं ते घट्ट धरलं, त्यावर आम्ही हसलो. निरांजन मात्र मी त्यानंतर फरशीवर ठेवू दिलं नाही. वर कोनाड्यात ठेवलं की ज्योत साधी पिवळी राहायची. का, ते मला सांगता येत नव्हतं, आणि विचारणार तरी कुणाला?

४

त्यानंतर दार उघडायला लागलं.

दुपारची वेळ. धनाजी कामावर, आत्या खाली जेनावर आडव्या, मी अर्धवट झोपेत. आत शेगडी, नाकात गवताचा वास. आणि दाराची कडी खट् करून पडली. दार हातभर उघडलं. उन्हाची पट्टी फरशीवर आली.

"कोन हाय रं?" आत्या उठल्या. बाहेर कुणी नव्हतं. पुटपुटत कडी घातली, चिंध्या परत कोंबल्या.

दुसऱ्या दुपारी परत. मग रोजच. कधी कधी तर आत्या कडी घालून वळायच्या आणि पाठीमागं खट्.

धनाजीनं कडी बघितली. सैल झालीय म्हणाला, नवा स्क्रू मारला. तेही चालेना तेव्हा कोयंड्यात खिळा अडकवला. खिळा फरशीवर पडलेला सापडला. मी स्वतःला समजावत होते, की उन्हानं लोखंड फुगतं, चौकट नवी आहे, लाकूड हलतं. बी.कॉम.ला असताना माझ्या मैत्रिणी भुताच्या गोष्टी सांगायच्या तेव्हा मी त्यांची टर उडवायची. आता पोरीला छातीशी धरून मी दाराकडं बघत पडून असायची आणि कडी वर सरकताना बघायची. हळू सरकायची. कुणाचे तरी हात भरलेले आहेत आणि कोपरानं करतंय, तशी.

एकदा तिच्यात काहीतरी अडकलेलं दिसलं. आत्यांनी ओढून काढलं आणि खाली टाकलं. गवताची ओली पात होती.

"बाहेरचं लागलंय घराला," आत्या म्हणाल्या, आणि संध्याकाळी धनाजीकडून नायलॉनची दोरी बांधून घेतली, कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत, गाठीवर गाठ. मी विरोध केला नाही. आई असावी असं मनात कुठंतरी वाटत होतं, पण खरी आई आणि दारातनं येणारी आई यात फरक असतो. पोर कुशीत असली की माणूस आईलासुद्धा भितं.

५

आत्या बदलल्या, ते मला उशिरा कळलं.

आधी मला बरंच वाटलं. करवादणारी बाई गोड बोलायला लागली. दुपारी जेनावर पडली की हसायची, स्वतःशीच. "हुर्र्र" करून मेंढरांना हाक मारायची. एकदा मला म्हणाल्या, "सोने, बग की, माळ कसा हिरवा झालाय." मी म्हटलं, आत्या, स्वप्न बघताय. "व्हय," म्हणाल्या, आणि खिदळल्या, पदर तोंडावर घेऊन, पोरीसारख्या. उठल्या की डोकं धरायच्या, भिंतीला हात लावत चालायच्या. बाहेर अंगणात पाणी भरून आल्या की परत जशाच्या तशा, मला फैलावर घ्यायला मोकळ्या.

फक्त खोलीत. फक्त खाली झोपल्यावर.

आणि फरशीखालून आवाज यायचा. मोठा नाही. डुबुक. मग बराच वेळ काही नाही. मग डुबुक. टँकर येऊन गेला की जरा जास्त. मी बाजेवरून हात खाली सोडला तेव्हा फरशी गार लागली, शेगडी जवळ असूनही, आणि बोटांना तो गोड वास लागला. माझ्याच बोटांना. धनाजीचे कपडे बाहेर दोरीवर होते.

आशाताई पोरीचं वजन करायला आल्या आणि दारातच थबकल्या. "अहो, काय कोंडून घेतलंय हे? बाळ खोकतंय तुमचं!" खिडकीची गोधडी त्यांनीच ओढून काढली, शेगडी स्वतः उचलून बाहेर ठेवली. आत्यांना त्यांनी असं झापलं की आत्या मिशेरीचा डबा घेऊन अंगणात जाऊन बसल्या. पोरगी त्या रात्री शांत झोपली. दार एकदाही उघडलं नाही.

सुटलो म्हणायला हवं होतं ना? पण मला चैन पडेना. गवताचा वास गेला होता. खोली नुसती सिमेंटची खोली झाली होती, आणि माझी आई परत एकदा मेली होती. दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पाठ दुखत होती हे खरं, पण तेवढंच कारण होतं असं म्हणाले तर खोटं होईल.

"आत्या, आज जरा शेगडी लावता का?"

आत्यांचा चेहरा उजळला. सुनेनं पहिल्यांदा त्यांच्या मनातलं मागितलं होतं. "लावते की गं माज्या लेकरा," म्हणाल्या, आणि कोळसे आणायला पळाल्या.

६

दुपार होती. मागं टँकरचं इंजिन बराच वेळ घुरघुरून बंद झालं होतं. धूळ येते म्हणून खिडकी लावली, गोधडी टांगली, दाराला दोरी. निखारे फुलले, आणि वास असा आला की मी उठूनच बसले. सगळा डोंगर कापून कुणी खोलीत आणून टाकला होता.

घशात कुसळ गेल्यासारखं झालं. खोकला आला. डोळ्यांतून पाणी. खाली वाकून बघितलं तर शेगडीत निळसर निखारे, आणि कडेला टेकवलेल्या जुन्या तांब्याच्या पळीभोवती हिरवा जाळ, बारीक, जिभेसारखा हलणारा.

आत्या खाली पडल्या होत्या. उताण्या. तोंडभर हसू.

"सोने, पोरीला खाली दे."

"का हो?"

"गवात बग की कसलं मऊ हाय. लोळू दे जरा. वर भाजतीया ती." त्यांनी दोन्ही हात वर केले. आवाज इतका मायेचा होता की माझे हात पोरीखाली गेलेसुद्धा. डोकं कापसानं भरल्यासारखं जड होतं. खरंच, खाली गार वाटत होतं. तिथं हिरवं दिसत होतं. मी पोरीला उचललं आणि बाजेच्या कडेवरून खाली धरलं, आणि आत्यांची बोटं तिच्या दुपट्याला लागली.

खट्.

मी दाराकडं बघितलं. कडी पडली होती. दोरी ताणलेली होती, आणि तिच्या गाठी सुटत होत्या. एक. मग दुसरी. घाई होती, पण सवयीचे हात होते ते, भाऱ्याला बांधलेला गवताचा आळा सोडणारे. फटीतून चार बोटं आत आली होती. त्यांची टोकं काळपट हिरवी.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. इतकं आठवतं की ती बोटं आत यायला बघत नव्हती. ती दार बाहेर ओढत होती.

दोरी गळून पडली. दार सताड उघडलं आणि ऊन आत कोसळलं. मी पोरीला छातीशी ओढलं, टाके तुटले तर तुटोत म्हणत बाजेवरून उतरले. गुडघ्यापर्यंत काहीतरी गार, जड असल्यासारखं वाटलं, ओढ्यातनं चालावं तसं. उंबऱ्याबाहेर कुणी नव्हतं. तापलेलं अंगण, तारेवर धनाजीचे कपडे. मी मदिनाचाचींच्या ओसरीपर्यंत पोचले आणि तिथंच बसले.

"आत्या," एवढंच म्हणता आलं. "आत्या आत हायत."

चाचींचा मुलगा बशीर रिक्षा चालवतो, जेवायला घरी आला होता. ताटावरनं उठला, तोंडाला ओला टॉवेल बांधून आत गेला आणि आत्यांना जेनासकट फरफटत बाहेर आणलं. बाहेर येऊन तोही ओकला.

७

दवाखान्यात संध्याकाळी आत्या ठणठणीत होत्या. कॉटवर बसून सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं मला झापत होत्या. "बाळातीन आसून उन्हात पळाली! कान बांद आदी! धन्या, तुला अक्कल हाय का न्हाई?" मी हसत होते, रडत होते. पोरीला बाजूच्या खोलीत ऑक्सिजन लावला होता, आणि ती बरी होईल असं सांगितलं होतं. वाटलं, झालं, टळलं.

पहाटे आत्यांच्या छातीत घरघर सुरू झाली. हुक्क्यासारखी. ओठ निळे पडत गेले. डॉक्टर धावपळ करत होते, फुप्फुसात पाणी होतंय म्हणत होते, घरात काय जाळलं होतं, काय सांडलं होतं असं परत परत विचारत होते. धनाजी नुसता ओव्याचं नाव सांगत होता. मग एकदम थांबला आणि म्हणाला, "टाकीतला वास. माझ्या कपड्यांचा नव्हता तो." आणि भिंतीला डोकं लावून उभा राहिला.

आत्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मास्क बाजूला केला. एकेका शब्दाला श्वास पुरत नव्हता.

"सोने... तुजी आय... हिरव्या लुगड्यातली व्हय?"

मी मान हलवली. आईचा फोटोसुद्धा कधी त्यांनी बघितला नव्हता. आमच्याकडं नाहीच.

"ती दार उगडत हुती गं. रोज." डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. "आन मी लावत हुते."

मी त्यांचा हात धरून म्हटलं, आत्या, असं नका म्हणू, तुम्ही माझ्यासाठीच केलंत सगळं. आणि शेगडी मी मागितली होती. हेही सांगितलं. ऐकू गेलं का, देव जाणे. त्यांनी माझ्या कानावरचा सुटलेला स्कार्फ ओढून घट्ट केला. त्यानंतर त्यांचा हात खाली आला तो परत वर गेला नाही.

८

साहेब लोक आले. तोंडाला मोठे मास्क, हातात बाटल्या. बोअरचं पाणी घेतलं, माती घेतली. टँकरमधलं पार्ट धुवायचं केमिकल पेवांत मुरलंय, त्याची वाफ निखाऱ्यावर गेली की विषारी वायू होतो, त्याला ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो, आणि तांब्या-पितळेशी ज्योत हिरवी होते, असं त्यांच्यातला एक जण हळूच बोलला. टँकर यायचे थांबले, कुठल्या कारखान्याचे होते ते मात्र आजही कुणी सांगत नाही. अहवाल यायचा आहे. मागच्या प्लॉटवर मुरूम टाकून सपाट केला, खाली जे आहे ते खालीच आहे. गल्लीत बोलायचे, अंबूबाई शेगडीच्या धुरानं गेली. म्हणून शेगड्या बंद झाल्या आणि लोक राहिले तिथंच. जाणार कुठं?

आम्ही पाटणला आलो. धनाजीला इथं एका गॅरेजात काम मिळालं. पोरगी रांगते आता, जरा भरभर रांगली की धापते तेवढं. आमच्या दाराला मी कडी ठेवलेली नाही. गवत कापायचे दिवस आले तेव्हा सगळा डोंगर त्या वासानं भरला. मी पोरीला घेऊन दिवसभर ओढ्याच्या वाऱ्यात बसून राहिले. दार कधीच आपणहून हललं नाही. आई आता येत नाही, कारण कशाला येईल? मला हे समजतं, आणि तरीही दारापाशी बसते.

परवा मदिनाचाचींचा फोन आला. अर्फाला मुलगा झाला होता. कौतुक झालं, नाव काय ठेवलं ते झालं. मग त्यांचा आवाज जरा खाली आला.

"सोनिया, तुला म्हून सांगते. आमचं बी दार उगडायला लागलंय. बाळातिणीच्या खोलीचं. दुपारचं."

मी उभी राहिले. "चाची, शेगडी लावता?"

"न्हाई गं, शपथ! नुसता ऊद घालतो, दोन निखाऱ्यांवर."

"गवताचा वास येतो?"

"गवताचा? काय की. गोड येतोय जरा. पन दार उगडलं की दुसराच येतो बग. तव्यावर मिशेरी भाजल्यागत. आन आमच्यात तर कोन मिशेरी लावत न्हाई." क्षणभर थांबल्या. "आर्फा लय भेली. म्हून बशीरनं आज दोरी बांदलीया."

 मग मी अशी ओरडले की अंगणातली पोरगी दचकून रडायला लागली.

"चाची, सोडा ती दोरी! आत्ताच्या आत्ता! पोराला आणि अर्फाला बाहेर काढा!"

"आगं पन वारं लागंल—"

"लागू दे वारं!"

फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला. चपला फरपटत गेल्या. मी कान दाबून ऐकत होते. लांबून कडी वाजली, खट्, आणि चाचींचा आवाज, "आगं बया, सुटलीया की ही दोरी आदीच."

मग तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. आधी कोंडलेलं, मग एकदम मोकळं, उघड्यावर आल्यासारखं. पाठोपाठ अर्फाचा खोकला. मी फोन कानाला तसाच धरून राहिले आणि हळूच म्हटलं, "आत्या, झालं. आले दोघं बाहेर."